खाली नका बघू, कडेला बघा: ध्रुवांवरचे सर्वांत उंच ढग उपग्रहचित्रांत कसे शोधायचे

जुलै महिन्यात एखाद्या रात्री आठच्या सुमारास हिमावरी या जपानी हवामान उपग्रहाचं चित्र उघडून पाहा. जवळजवळ सगळी पृथ्वी काळोखात असते. फक्त वरच्या टोकाला, उत्तर ध्रुवाच्या बाजूला, उजेडाची एक बारीक कोर उरलेली असते. चित्र पुरेसं मोठं करून त्या कोरीच्याही वर, जिथे वातावरण संपून काळं अवकाश सुरू झालं असं वाटतं, तिथे थांबा. नशीब असेल तर कोरीपासून सुटलेली, केसाएवढी बारीक, फिकट रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे जमिनीपासून 80 किलोमीटरहून उंचावर तरंगणारे बर्फाचे ढग.

ही रेघ शोधायला वेधशाळा लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि बरीचशी चिकाटी पुरते. या लेखात तीच वाट पायरीपायरीनं सांगतो. नवख्याची गाडी कुठे अडते हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या जागांवर जास्त थांबेन.

आधी कोणते ढग ते ठरवू

ध्रुवांवर उंच ढगांचे दोन प्रकार आहेत आणि नवीन माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. पहिले स्थितांबरातले. ते साधारण 15 ते 25 किलोमीटर उंचीवर, ध्रुवीय हिवाळ्यात, हवा उणे 78 अंश सेल्सियसच्या खाली गेली की होतात. ओझोनच्या छिद्राशी ज्यांचं नाव जोडलेलं असतं ते हेच. ते आपल्या आजच्या कामाचे नाहीत.

आपले ढग मध्यांबरातले, म्हणजे स्थितांबराच्याही वरच्या थरातले. शास्त्रज्ञ त्यांना ध्रुवीय मध्यांबरी ढग म्हणतात. जमिनीवरून पाहणारे त्यांनाच नॉक्टिल्युसंट, म्हणजे रात्री उजळणारे ढग म्हणतात. उंची साधारण 83 किलोमीटर. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असतो. एवढ्या विरळ आणि कोरड्या हवेत बर्फ धरायचा तर कमालीची थंडी हवी, आणि ती थंडी तिथे उन्हाळ्यात पडते. होय, उन्हाळ्यात. खालून वर जाणाऱ्या गुरुत्व लहरी, म्हणजे हवेतच उठणाऱ्या लाटा, मध्यांबरात पोहोचून फुटतात आणि तिथले वारे असे ढकलतात की उन्हाळ्यातल्या ध्रुवावर हवा वर चढू लागते. चढणारी हवा पसरते, पसरणारी हवा थंड होते, आणि तापमान उणे 130 अंशांच्याही खाली उतरतं. उल्का जळून मागे राहिलेल्या धुरासारख्या सूक्ष्म कणांभोवती बर्फ धरतो. हे बर्फकण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात.

म्हणून हंगाम पाठच करून टाका: उत्तरेला मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत, दक्षिणेला नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबरात उत्तर ध्रुवावर हे ढग शोधणं म्हणजे दिवाळीत हापूस शोधणं.

वरून का दिसत नाहीत

नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. उपग्रहचित्र म्हटलं की आपण थेट खाली बघतो: आर्क्टिक समुद्र, सायबेरिया, बर्फ, नेहमीचे ढग. नासाच्या वर्ल्डव्ह्यूसारख्या नकाशावर तासन्‌तास ध्रुव चाळले तरी साध्या रंगीत चित्रात मध्यांबरी ढग सापडत नाहीत. त्यांचा थर जेमतेम दोनेक किलोमीटर जाड आणि अतिशय विरळ असतो. त्याखाली शुभ्र बर्फ आणि उजळ ढग पसरलेले असतात. त्या पांढऱ्यावर हे पांढरं कुठून दिसणार?

खिडकीच्या काचेचा एखादा तुकडा हातात घ्या. समोरून पाहिला तर आरपार दिसतं, पण तोच तुकडा आडवा धरून कडेकडून पाहिला तर गडद हिरवा दिसतो, कारण आता नजर काचेच्या पूर्ण लांबीतून जाते. ढगांचंही तसंच आहे. पृथ्वीच्या कडेला नजर या थराला घासून जाते. दोन किलोमीटर जाडीच्या थराला अशी आडवी नजर लागली की ती सुमारे 300 किलोमीटर बर्फातून प्रवास करते. शिवाय मागे पांढरा बर्फ नसतो, काळं अवकाश असतं. जे खाली बघून कधीच दिसलं नसतं, ते कडेला उठून दिसतं.

दुसरी युक्ती म्हणजे असा प्रकाश निवडायचा ज्यात पृथ्वीच जवळपास काळी दिसते. नासाच्या एइम उपग्रहानं हेच केलं. 25 एप्रिल 2007 रोजी सोडलेला हा उपग्रह केवळ याच ढगांसाठी बनवला होता. दोन वर्षांसाठी आखलेली ती मोहीम बॅटरी थकल्यामुळे 2023 मध्ये थांबली, तोवर तिनं जवळपास 16 वर्षं काम केलं होतं. त्याच्यावरच्या सिप्स या उपकरणाचे चार कॅमेरे 265 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात खाली बघायचे. हा प्रकाश ओझोन शोषून घेतो, त्यामुळे जमीन, समुद्र, खालचे ढग सगळं गडप होतं. उरते वरच्या हवेची मंद चमक आणि तिच्यावर उजळ दिसणारे मध्यांबरी ढग.

या दोन्ही युक्त्या आपण वापरणार आहोत. सिप्सच्या चित्रांवर डोळा तयार करायचा आणि हिमावरीच्या कडेवर स्वतःचा शोध घ्यायचा.

पायरी 1: डोळा तयार करा

सिप्सचा संग्रह अमेरिकेत बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या लॅस्प या प्रयोगशाळेनं सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तिथे दर दिवसाचं एक गोल चित्र मिळतं. मध्यभागी ध्रुव आणि त्याच्याभोवती दिवसभरातल्या सुमारे 15 फेऱ्यांच्या पट्ट्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या. त्यामुळे त्या चित्राला डेझी हे फुलाचंच नाव पडलं आहे.

कोणताही एक उत्तरेचा हंगाम निवडा आणि 20 मे ते 31 ऑगस्ट रोजचं चित्र क्रमानं पाहा. घाई करू नका. सुरुवातीला पाकळ्या रिकाम्या दिसतील. मग ध्रुवाजवळ एखादा डाग येईल, जूनच्या मध्यापर्यंत डाग जोडले जातील आणि जुलैत ध्रुवाभोवती जवळजवळ सलग आच्छादन दिसेल. नंतर ऑगस्टात ते विरत जाईल. जुलैमधला एखादा दिवस पूर्ण मोठा करून बारकाईनं बघा. समांतर लाटांच्या ओळी दिसतील, जणू वाळूवर ओहोटीनं काढलेल्या. मधूनच ढग नसलेली गोलसर भोकंही दिसतील. लाटा म्हणजे मघाच्या गुरुत्व लहरींचे ठसे. ही दोन रूपं एकदा डोळ्यांत बसली की पुढे कडेवरची रेघ मधेच तुटलेली किंवा गाठीगाठीची दिसली तरी तुम्ही बिचकणार नाही.

ही पायरी वगळून थेट हिमावरीकडे धावू नका, हा माझा आग्रह आहे. काय शोधायचं ते माहीत नसताना शोधायला बसलं की प्रत्येक डाग ढग वाटतो.

पायरी 2: उपग्रह, वेळ आणि जागा

आपल्याला आधी इन्सॅट आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण उपग्रहाचा कॅमेरा प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यांत चित्रं घेतो, त्यांना वाहिन्या म्हणतात, आणि इन्सॅट-3डीच्या दृश्य प्रकाशाच्या वाहिनीचा पल्ला 0.55 ते 0.75 मायक्रॉन आहे, म्हणजे त्यात निळा प्रकाश नाही. या ढगांचे कण इतके बारीक की ते निळा प्रकाशच जास्त विखुरतात. हिमावरीची पहिली वाहिनी 0.47 मायक्रॉनची, अस्सल निळी. सुरुवातीला तीच बरी. 2018 मध्ये जपानी संशोधकांनी हिमावरी-8 च्या चित्रांत हे ढग दिसत असल्याचं प्रसिद्ध केलं. डिसेंबर 2022 पासून त्याच जागी हिमावरी-9 काम करतो आहे.

हा उपग्रह विषुववृत्तावर, 140.7 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवर स्थिर असतो आणि दर दहा मिनिटांनी पृथ्वीचं पूर्ण चित्र घेतो. तिथून दिसणारी कड नेमकी कुठली? चित्राचा सर्वांत वरचा बिंदू म्हणजे 81 अंश उत्तर अक्षांश. तिथून उजवीकडे कडेकडेनं उतरत गेलात की 70 अंशांवर अलास्काचा उत्तर किनारा येतो आणि 60 अंशांवर अलास्काचा दक्षिण किनारा. डावीकडे 60 अंशांवर पश्चिम सायबेरिया. पृथ्वीचा गोल म्हणजे घड्याळाची तबकडी मानली तर आपलं काम 11 ते 1 या आकड्यांमध्ये आहे. दक्षिणेच्या हंगामात 5 ते 7 मध्ये.

आता वेळ. उपग्रहाच्या रेखांशावर मध्यरात्र होते ती जागतिक वेळेनुसार 14:37 ला, म्हणजे आपल्याकडे रात्री आठ वाजून सात मिनिटांनी. जून-जुलैत त्या वेळी सूर्य ध्रुवापलीकडे, कडेच्या मागच्या बाजूला असतो. मागून आलेला प्रकाश ढगांतून पुढे आपल्याकडे विखुरतो. त्याच वेळी पृथ्वीचा बाकी भाग काळोखात असल्यामुळे भटका उजेडही कमी असतो. म्हणून जागतिक वेळेनुसार 13 ते 16 हे तास आधी चाळा. एक लक्षात ठेवा: 14:40 ला हिमावरी पूर्ण चित्र घेत नाही, ती वेळ उपग्रहाच्या देखभालीसाठी राखलेली आहे. 02:40 चंही तसंच. ती फाइल सापडत नाही म्हणून संगणकाला दोष देत बसू नका, 14:30 आणि 14:50 ची घ्या. काही चित्रांत सूर्याचा उजेड कॅमेऱ्यात शिरून धूसर पट्टा उमटतो. तसं दिसलं तर तास-दीड तास मागेपुढे सरका.

पहिल्या प्रयत्नासाठी 25 जून ते 20 जुलै यांमधला दिवस घ्या. हंगामाच्या टोकांना शोधायला बसलात तर नाउमेद व्हाल.

पायरी 3: फाइल उतरवा, पण सगळी नाही

मोबाइलवर येणारी सुंदर रंगीत चित्रं मोजमापाला चालत नाहीत. 550 पिक्सेलच्या छोट्या चित्रात 83 किलोमीटर म्हणजे तीन-चार पिक्सेल, त्यात काय शोधणार? जपानच्या एनआयसीटी संस्थेचं हिमावरीचं पान कोणता तास बरा आहे ते ठरवायला छान आहे. मोजायला मात्र मूळ आकडेवारी हवी. ती अ‍ॅमेझॉनच्या खुल्या साठ्यात नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेनं ठेवली आहे आणि विनामूल्य मिळते.

तिथे प्रत्येक वेळेचं पूर्ण चित्र वरून खाली दहा आडव्या तुकड्यांत कापलेलं असतं. फाइलच्या नावात तारीख, वेळ, वाहिनीचा क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांक ओळीनं दिलेला असतो. उत्तरेच्या कडेसाठी आपल्याला पहिल्या वाहिनीचा फक्त पहिला तुकडा लागतो. तेवढ्यात दोन्ही बाजूंची कड साधारण 53 अंश अक्षांशापर्यंत येते. दहाच्या दहा उतरवणारे मी पाहिले आहेत. डेटा पॅक संपतो आणि हाती काही जास्तीचं लागत नाही. दक्षिणेसाठी दहावा तुकडा.

या वाहिनीचं पूर्ण चित्र 11,000 बाय 11,000 पिक्सेलचं, म्हणून प्रत्येक तुकडा 1,100 ओळींचा.

पायरी 4: अवकाश झाकू देऊ नका

इथे नीट लक्ष द्या. फाइल उघडायला पायथॉन या संगणकभाषेतलं सॅटपाय हे मोफत साधन सर्वांत सोयीचं आहे. त्यात हिमावरीच्या मूळ फाइलींसाठी वाचक तयार आहे. पण तो वाचक मुळात हवामानाच्या कामासाठी लिहिलेला, आणि हवामानवाल्यांना पृथ्वीच्या बाहेरचे पिक्सेल नको असतात. त्यामुळे काही सांगितलं नाही तर तो कडेपलीकडचं सगळं पुसून टाकतो. आपले ढग नेमके तिथेच असतात.

माझे पहिले दोन आठवडे असेच गेले. एकामागून एक दिवस उघडत होतो आणि कडेबाहेर स्वच्छ काळं पाहत होतो. हंगाम कमजोर असेल अशी मी मनाची समजूतही घातली होती. मग एकदा काळ्या भागातल्या पिक्सेलची किंमत विचारली, तर उत्तर शून्य आलं नाही, ‘आकडा नाही’ असं आलं. काळोख मोजलेला असता तर काहीतरी बारीकसा आकडा आला असता. तिथे काही नव्हतंच, सगळं झाकलेलं होतं. वाचकाला देण्याच्या पर्यायांत अवकाश झाकण्याची जी सोय आहे, तिला ‘फॉल्स’ सांगितलं आणि त्याच फाइलींमध्ये कडेबाहेरची हवा उलगडली. त्या रात्री तीन वेगवेगळ्या दिवसांच्या चित्रांत रेघ सापडली.

म्हणून फाइल उघडल्यावर पहिलं काम हेच: कडेबाहेरच्या चार-पाच पिक्सेलचे आकडे छापून बघा. आकडे यायला हवेत. दुसरी काळजी अशी की ‘ट्रू कलर’सारखी तयार मिश्रणं मागू नका. त्यांत हवेची निळी चमक वजा करण्याचे संस्कार झालेले असतात. पहिली वाहिनी जशीच्या तशी घ्या.

पायथॉन येत नसेल तर शिकलेल्या कुणाकडून हा तुकडा एकदा 16-बिट टिफ चित्रात बदलून घ्या. पुढचं सगळं इमेजजे या मोफत कार्यक्रमात माउसनं होतं.

पायरी 5: उजेड ताणा

चित्र उघडल्यावर आधी पृथ्वीची पांढरी कोर आणि बाहेर काळोख एवढंच दिसेल. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत वरची मर्यादा हळूहळू खाली आणा. पृथ्वी पूर्ण पांढरी होऊन जाईल, होऊ द्या. त्यानंतर कडेची हवा पसरट चमकीसारखी वर येईल. आणखी खाली आणा. कडेपासून थोड्या अंतरावर, चमक विझत आल्यावर, वेगळी रेघ उठते का बघा. आपण एकच वाहिनी बघतो आहोत, म्हणून ती निळी नसेल, करडी दिसेल.

एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण ताणलेल्या चित्रात डोळा फसतो. पृथ्वीच्या केंद्राकडून बाहेर जाणारी सरळ रेषा कडेवर काढा आणि इमेजजेमधल्या प्लॉट प्रोफाइलनं तिच्यावरच्या उजेडाचा आलेख काढा. रेषा थोडी रुंद ठेवा, वीस-तीस पिक्सेल, म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी होऊन खरखर कमी होते. उजेडाचे आकडे लॉगॅरिदमच्या पट्टीवर मांडले तर आणखी मजा येते. हवा उंचीबरोबर ठरावीक पटीनं विरळ होत जाते, म्हणून तिची चमक अशा आलेखात जवळपास सरळ उताराची रेषा बनते. ढग असेल तर त्या उतारावर शेवटी एक उंचवटा येतो. घाटाच्या उतरणीला मधेच एखादी टेकडी लागावी तसा. तो उंचवटा हाच तुमचा पुरावा.

पायरी 6: उंची मोजा

1885 च्या उन्हाळ्यात, क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटानंतर दोन वर्षांनी, युरोपात अनेकांना हे ढग प्रथम जाणवले. बर्लिनच्या ओटो येसे यांनी पुढे दोन ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रं घेऊन त्यांची उंची काढली. उत्तर आलं सुमारे 82 किलोमीटर. आज आपल्याला एकच चित्र पुरतं, कारण कड हीच आपली जमीन.

कडेवर एक पिक्सेल म्हणजे सुमारे 1.165 किलोमीटर. या वाहिनीचा पिक्सेल नावाला एक किलोमीटरचा असला तरी ते माप उपग्रहाच्या थेट खालच्या जागेसाठी आहे, कड त्याहून दूर आहे. 83 किलोमीटर म्हणजे साधारण 71 पिक्सेल.

पूर्ण चित्राचं केंद्र स्तंभ 5500.5 आणि ओळ 5500.5 वर धरा. केंद्रापासून कडेचं अंतर अगदी वर, 12 च्या जागी, सुमारे 5416 पिक्सेल आणि 11 किंवा 1 च्या जागी सुमारे 5424. यावरून एक अडचणही कळते: 12 च्या जागी चित्रात कडेच्या वर 84 पिक्सेलच शिल्लक राहतात. ढग त्यात बसतो, पण जेमतेम. त्यामुळे सरावासाठी 11 आणि 1 च्या आसपासची कड सोयीची.

एक उदाहरण हातानं सोडवू. समजा 1 च्या जागी आलेखातल्या उंचवट्याचं टोक स्तंभ 8247, ओळ 743 वर आलं. केंद्रापासून आडवं अंतर 8247 वजा 5500.5, म्हणजे 2746.5. उभं अंतर 5500.5 वजा 743, म्हणजे 4757.5. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ: 5493.4. त्यातून कडेचे 5424 वजा केले की उरले 69.4 पिक्सेल. गुणिले 1.165, उत्तर 80.8 किलोमीटर. मध्यांबरी ढगाला साजेशी उंची.

पण कधीकधी उत्तर 73 किंवा 70 येतं आणि माणूस गोंधळतो. ढग खाली उतरलेला नसतो. नजर जिथे पृथ्वीला घासते नेमका त्याच जागी ढग असेल तरच खरी उंची मिळते. तो त्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे असला तर कडेवर खाली दिसतो. साधारण 350 किलोमीटर पुढेमागे असला की दहा किलोमीटर खाली भासतो. उलट मात्र होत नाही, ढग आहे त्याहून उंच कधी भासत नाही. म्हणून थराची वरची कड काय उंची दाखवते तेच महत्त्वाचं. वरची कड 90 च्या पुढे जात असेल तर मोजमापात चूक शोधा.

पायरी 7: खोटे ढग गाळून टाका

एका चित्रावरून काहीही जाहीर करू नये. लागोपाठचं, दहा मिनिटांनंतरचं चित्र उघडा, आणि त्यानंतरचंही. खरा ढग तिथेच, किंचित बदललेला सापडतो, तासन्‌तास टिकतो. एकाच चित्रात चमकून गेलेला ठिपका हा बहुधा कॅमेऱ्यावर आदळलेला अवकाशातला कण असतो. कडेबाहेर गोल, ठळक काही दिसलं तर चंद्र आहे का बघा, तो अधूनमधून चौकटीत येतो.

माझा सर्वांत आवडता ताळा हंगामाबाहेरचा. त्याच वेळेची, पण 5 मेची फाइल घ्या. तेव्हाही 81 अंशांवर सूर्य मावळत नाही, कड उजळलेली असते, पण मध्यांबर अजून पुरेसं थंड झालेलं नसतं. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. मेच्या आलेखातही तोच उंचवटा असेल तर तो ढग नाही, कॅमेऱ्यातला भटका उजेड आहे. मेमध्ये सरळ उतार आणि जुलैत उंचवटा असं असेल तर खुशाल वहीत लिहा.

रंगाचाही ताळा घेता येतो. चौथी वाहिनी 0.86 मायक्रॉनची, नजरेला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूप लहान असतील तर 0.47 च्या तुलनेत 0.86 ला विखुरणं सुमारे 11 पटींनी घटतं. म्हणजे पहिल्या वाहिनीतली रेघ चौथीत जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. दोन्हींत सारखीच ठळक दिसली तर शंका घ्या.

रॉकेटांकडेही लक्ष ठेवा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनांच्या धुरात मुख्यतः पाण्याची वाफ असते. ती वर गोठून ढग बनू शकते. 16 जानेवारी 2003 रोजी कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना घेऊन कोलंबिया यान निघालं. त्या उड्डाणाचा धूर काही दिवसांत अंटार्क्टिकापर्यंत पोहोचून तिथल्या मध्यांबरी ढगांना कारण ठरला, असं 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं. ते यान परतलं नाही. ही नोंद वाचताना दर वेळी मी थोडा थांबतो.

वही आणि डोळे

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि वेळ जागतिकच लिहा. भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांची सरमिसळ झाली की साडेपाच तासांचा घोळ महिन्यांनी लक्षात येतो. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, वाहिनी, घड्याळातली जागा, उंचवट्याचा स्तंभ आणि ओळ, निघालेली उंची, आणि किती लागोपाठ चित्रांत दिसला एवढं असू द्या. ढग न दिसलेले दिवसही लिहा. हंगाम कधी सुरू झाला हे फक्त दिसलेल्या दिवसांवरून सांगता येत नाही, त्याआधीचे रिकामे दिवस वहीत असावे लागतात.

महाराष्ट्रातून हे ढग डोळ्यांनी दिसत नाहीत, आपण फार दक्षिणेला आहोत. पण स्कॉटलंड, उत्तर जर्मनी, डेन्मार्क किंवा कॅनडातल्या एडमंटनला राहणाऱ्या मराठी माणसाला ही संधी आहे. जून-जुलैत सूर्यास्तानंतर तास-दीड तासानं, किंवा पहाटे तेवढाच वेळ आधी, उत्तरेच्या क्षितिजाकडे बघा. नेहमीचे ढग काळे पडलेले असतात आणि त्यांच्या मागे रुपेरी-निळ्या धाग्यांची जाळी उजळलेली दिसते. हिमावरीची कड युरोपवरून जात नाही, त्यामुळे तिथे आज ढग आहेत का ते तुमची वही सांगणार नाही. हंगाम सुरू झाला की नाही एवढं मात्र ती नक्की सांगेल. तसं झालं की तिकडच्या भावंडांना फोन करून गच्चीवर पाठवा आणि फोटोबरोबर वेळ लिहून घ्यायला सांगा.

हा लेख हिवाळ्यात हाती पडला असेल तर जूनची वाट बघत बसायचं कारण नाही. दहावा तुकडा, 5 ते 7 ची कड, जागतिक वेळेनुसार 13 ते 16, आणि 20 डिसेंबर ते 20 जानेवारी यांमधला कोणताही दिवस. आधी कडेबाहेरच्या पिक्सेलचे आकडे छापून बघा.